पाऊलभर रुंदीची वाट



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि राजांच्या वंशावळी येतात. ते सारे खरेच आहे आणि मुलांनी ते शिकलेच पाहिजे. पण आपल्या शिवारातून एखादी वाट शंभर वर्षे गेली, तिने गावचा कापूस बाजारात नेला, लेकीबाळींना माहेरी आणले, पोरांना शाळेत पोचवले, तर तीही इतिहासात बसतेच की! तिची बखर मात्र कोणी लिहीत नाही. आज अशाच एका वाटेची हकीकत तुम्हाला सांगायची आहे. ही वाट रुळांची आहे. पाचोरा ते जामनेर अशी जी लहान आगगाडी होती, जिला आपल्याकडचे लोक नुसते 'पी. जे.' म्हणत, तिची ही वाट.

ही गाडी १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली. शंभर वर्षे चालली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे टाळेबंदी झाली, देशभरच्या गाड्या थांबल्या, तशी हीही थांबली. बाकीच्या बहुतेक गाड्या पुढे सुरू झाल्या. ही काही पुन्हा सुटली नाही. आता तिच्या जागी रुंद रुळांची, म्हणजे ब्रॉडगेज रेल्वे करायची आणि ती जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायची, अशी योजना मंजूर झालेली आहे. योजना चांगली आहे, तिच्याविरुद्ध एक शब्दही बोलायचा नाही. परंतु नवे बांधताना जुन्याचे काय होते, आणि त्यातले काय राखून ठेवता येते, हा प्रश्न गावाने वेळेवर विचारला पाहिजे. म्हणून ही सगळी हकीकत.

मुळापासून पाहू. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जी. आय. पी. रेल्वेचे रूळ थळ घाट चढून नाशिक जिल्ह्यातून आपल्या खानदेशात आले. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही नावे रेल्वेच्या नकाशावर उमटली. रेल्वे इकडे कशासाठी आली? लोकांना पंढरीला किंवा काशीला न्यावे म्हणून नव्हे. ती आली मुख्यतः कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. वऱ्हाड आणि खानदेश ही त्या काळ्या जमिनीची दोन मोठी कोठारे. कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, पण रूळ राहिले, आणि रुळांच्या कडेने सरकी काढण्याचे आणि गासड्या बांधण्याचे कारखाने उभे राहिले. जळगावची पेठ भरभराटीला आली, भुसावळला मोठे रेल्वेचे गाव वसले.

पण मुख्य रूळ सरळ जातात. सगळी गावे काही त्यांच्या काठावर नसतात. धुळे शहर बाजूला राहिले. जामनेर, शेंदुर्णी, पहूर ही कापसाची गावे बाजूला राहिली. तिथला शेतकरी बैलगाडीत कापूस भरून निघे. बैलगाडीची चाल ताशी तीन-चार किलोमीटर. पाचोऱ्याचे स्टेशन गाठायला कोणाला एक दिवस, कोणाला दोन दिवस लागत. पावसाळ्यात तर काळ्या मातीत चाक रुतले की संपलेच. म्हणून मुख्य मार्गाला फाटे फोडणे आवश्यक झाले.

खानदेशातले असे दोन फाटे आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू. त्यातून इतिहासाचा एक चांगला धडा मिळतो. पहिला फाटा चाळीसगाव ते धुळे. तो १९०० साली सुरू झाला. दुसरा पाचोरा ते जामनेर. तो त्यानंतर सुमारे अठरा-वीस वर्षांनी आला. त्या दरम्यान, १९०६ साली, जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. त्यामुळे एक फाटा पश्चिम खानदेशाच्या मुख्य ठाण्याला, धुळ्याला गेला, आणि दुसरा पूर्व खानदेशाच्या आतल्या तालुक्यात गेला. लांबी म्हणाल तर दोन्हींची जवळजवळ सारखीच, सुमारे ५६ किलोमीटर. दोन्ही कापसाच्या मुलखातून जाणारे. दोन्ही एकाच मुख्य मार्गाला जोडलेले. असे असून धुळ्याचा फाटा आजही चालू आहे आणि जामनेरचा बंद पडला. असे का झाले?

उत्तर रुळांच्या रुंदीत आहे. धुळ्याचा फाटा ब्रॉडगेज होता. ब्रॉडगेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट, आजच्या मापात १६७६ मिलिमीटर. मुख्य मार्गही तेवढ्याच रुंदीचा. त्यामुळे धुळ्याला भरलेली वाघीण चाळीसगावला मालगाडीला जोडली की थेट मुंबईपर्यंत जाऊ शके. मधे कोणी गासडीला हात लावण्याचे कारण नव्हते. जामनेरचा फाटा मात्र अडीच फुटी. ७६२ मिलिमीटर. त्याची वाघीण मुख्य रुळांवर चढू शकत नसे. जामनेरहून आलेला प्रत्येक नग पाचोऱ्याच्या मालधक्क्यावर उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा भरायचा. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, आणि सांडलवंड होते ती वेगळीच. बैलगाडीशी तुलना करायची होती तोवर हे चालून गेले. पण पुढे मालमोटार आली, आणि ती शेताच्या बांधावरून माल उचलून थेट जिनिंगच्या दारात टाकू लागली. स्वातंत्र्यानंतर, १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. सुटली आणि काही वर्षांतच लाल गाडी खेडोपाडी पोचली. मग छोट्या रेल्वेचा माल गेला आणि हळूहळू उतारूही कमी झाले.

'तर मग मुळातच अडीच फुटी रूळ का टाकले?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. टाकले ते पैसे वाचावेत म्हणून. अरुंद गाडी हलकी असते. तिला रूळ हलका चालतो, पूल लहान चालतो, भराव कमी लागतो, आणि ती आखूड वळण घेऊ शकते. अजिंठ्याच्या डोंगरातून उत्तरेकडे उतरणारे ओढे-नाले या मार्गाला आडवे येतात. प्रत्येक ठिकाणी मोठा पूल बांधायचा म्हटले असते, तर ही रेल्वे कधी झालीच नसती. ब्रॉडगेजला पुरेल इतका माल आणि उतारू जिथे नाहीत, तिथे अरुंद रेल्वे किंवा काहीच नाही, एवढीच निवड असे. काहीच नसण्यापेक्षा ही बरी, असा त्या वेळचा हिशेब होता, आणि त्या काळापुरता तो चुकीचा नव्हता.

आता हे अडीच फूट म्हणजे नेमके किती, ते मुलांना कसे समजवाल? गुरुजी, शाळेच्या पटांगणावर चुन्याने दोन रेघा ओढा, ७६२ मिलिमीटर अंतरावर. शेजारी आणखी दोन ओढा, १६७६ मिलिमीटर अंतरावर. पहिल्या जोडीत एक मूल आडवे हात पसरून उभे राहिले तर हात बाहेर येतात. दुसऱ्या जोडीत ते आडवे निजू शकते. एवढे दाखवले की गेज म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. आणखी एक गंमत पाहा. विलायती फौजेच्या कवायतीत संथ, ठरावीक चालीचे एक पाऊल ३० इंचांचे धरत. ३० इंच म्हणजे बरोबर अडीच फूट. म्हणजे आपल्या पी. जे. ची रुंदी एका शिपायाच्या एका पावलाएवढी! तेव्हा एक किलोमीटर चालायला अशी सुमारे १३१२ पावले पडतात. मुलांना रेल्वेच्या मापाने अंतर मोजायला सांगा. गणिताचा तास आपोआप होईल.

आता या मार्गावरची गावे डोळ्यांपुढे आणा. पाचोऱ्याला मुख्य मार्गावरून उतरून उतारू छोट्या गाडीत बसे. मग वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि शेवटी जामनेर. सगळा प्रवास दोन तासांच्या आतबाहेर. आधी वाफेचे इंजिन होते, पुढे डिझेल आले, पण चाल तीच राहिली, ताशी तीसच्या आतली. आजच्या माणसाला ही चाल म्हणजे थट्टा वाटेल. पण बैलगाडीने दोन दिवस घेणारा रस्ता दोन तासांत उरकला, तेव्हा त्या पहिल्या पिढीला काय वाटले असेल, याचा विचार करा. सकाळी निघून पाचोऱ्याच्या कचेरीतले काम आटोपून संध्याकाळी घरी परतता येणे, ही तालुक्याच्या जगण्यातली केवढी मोठी उलथापालथ होती!

शेंदुर्णीला त्रिविक्रमाचे मंदिर आहे, तिथे यात्रा भरते. पहूर हे जळगावहून फर्दापूर-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. त्या काळी पहूर इंग्रजी मुलखात आणि डोंगराकडचे फर्दापूर निजामाच्या राज्यात. म्हणजे ही छोटी गाडी एका राज्याच्या शिवेजवळून धावत होती. जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी तिच्या मार्गापासून फार लांब नाहीत. हे सारे एका दिवसाच्या सहलीत मुलांना दाखवता येते, आणि भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र तिन्ही विषय एकाच वाटेवर भेटतात.

इथे थोडा वेळ आपण खानदेश सोडून दुसरीकडे जाऊ, कारण आपल्या या वाटेचे पुढे काय होऊ शकेल, याचे उत्तर तिकडे सापडते. आधी सोलापूर जिल्ह्यात बार्शीला, आणि मग तिथून थेट इंग्लंडात.

बार्शीची लाइट रेल्वे तुम्ही ऐकली असेल. तीही आपल्या पी. जे. सारखीच, अडीच फुटी. ती उभारणाऱ्या अभियंत्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला आला, म्हणजे जिचे रूळ खानदेशातून जातात त्याच रेल्वेत. इथे राहून त्याने एक गोष्ट हेरली. आडगावच्या रेल्वेला जड रूळ परवडत नाहीत. पण वजन सगळ्या चाकांवर सारखे वाटले, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो. त्याने यार्डाला ३० पौंड वजनाचे रूळ वापरले. आजच्या मापात ते मीटरला सुमारे १५ किलो होतात. आजच्या ब्रॉडगेजचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो, म्हणजे चौपट. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला ही गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, आणि वारकऱ्यांची मोठी सोय झाली. पुढे ती १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली.

बार्शीचे काम यशस्वी झाले आणि कॅलथ्रॉपला त्याच्या मायदेशातून बोलावणे आले. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या नदीचे एक अरुंद खोरे आहे. तिथल्या शेतकऱ्यांचे दूध बाहेर न्यायचे होते. कॅलथ्रॉपने तिथे बार्शीचाच धडा गिरवला. तेच अडीच फुटी रूळ, तशाच धाटणीची इंजिने, पुढे मोठा थोरला दिवा, आणि डबेही हिंदुस्थानी थाटाचे. १९०४ साली ही गाडी सुरू झाली. मोठ्या रेल्वेची वाघीण जशीच्या तशी छोट्या गाडीवर चढवून नेता येईल, अशा खास गाड्याही त्याने तिथे करवून घेतल्या. पाचोऱ्याच्या मालधक्क्यावर जी अडचण पुढे आपल्याला कायमची नडली, तिच्यावरचा तो तोडगा होता. आपल्याकडे एरवी विलायतेची नक्कल होते. इथे सोलापूर जिल्ह्यातल्या रेल्वेची नक्कल विलायतेत झाली!

पण तीही रेल्वे टिकली नाही. दूध मोटारीने जाऊ लागले. १९३४ साली गाडी बंद झाली. रूळ काढून नेले. मागे उरली ती नुसती भुई, सव्वाआठ मैल लांबीची, नदीच्या कडेकडेने वळत जाणारी. आता पुढचे लक्षपूर्वक ऐका. रेल्वे कंपनीने ती भुई तिथल्या परगण्याच्या कौन्सिलच्या ताब्यात दिली. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद म्हणा. त्या मंडळींनी त्या भुईवर चालण्याची वाट केली, आणि १९३७ साली, म्हणजे गाडी बंद झाल्यावर तीनच वर्षांनी, लोकांसाठी ती खुली केली. पुढे ती पक्की, डांबरी झाली. आज तिला मॅनिफोल्ड वे म्हणतात. घरची माणसे पोराबाळांना घेऊन तिथे फिरायला जातात. सायकली जातात, लहान मुलांच्या ढकलगाड्या जातात, चाकांच्या खुर्चीत बसलेली अपंग माणसेही जातात. वाटेत गाडीचा जुना बोगदाही लागतो.

रेल्वेची जुनी वाट चालायला इतकी सोयीची का असते, याचे कारण साधे आहे. आगगाडीला चढ सोसत नाही. शंभर फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, एवढाही चढ इंजिनाला जड जातो. म्हणून रेल्वे बांधताना खोलगट जागी भराव घालतात, उंचवटा खणून काढतात आणि वाट जवळजवळ सपाट करतात. ते काम शेकडो मजुरांच्या हातांनी, कुदळ-फावड्यांनी आणि टोपल्यांनी झालेले असते. गाडी गेली तरी ते श्रम जमिनीत शिल्लक राहतात. म्हाताऱ्या माणसाला दम लागत नाही, पोर थकत नाही. नवी अशी वाट बांधायची तर केवढा खर्च! इथे ती बांधून तयार असते. फक्त तिच्यावर वरचा थर घालायचा.

परंतु एक गोष्ट विसरू नका. मॅनिफोल्डच्या लोकांनी ती भुई अखंड असतानाच मागून घेतली. दहा-वीस वर्षे थांबले असते तर? एकाने बांध सरकवला असता, दुसऱ्याने पीक घेतले असते, तिसऱ्याने भरावाची माती नेली असती, चौथ्याने मोरीचे दगड नेले असते. वाट मोडायला फारसे काही लागत नाही. दोन हंगामांची नांगरट पुरते. एकदा ती तुटली की पुन्हा जोडायला तुकड्या-तुकड्यासाठी भांडावे लागते.

आता परत आपल्या पाचोरा-जामनेरकडे या. आपली स्थिती मॅनिफोल्डसारखी अगदी तशीच नाही, हे आधीच सांगतो. तिथे रेल्वे कायमची गेली. इथे तिच्या जागी मोठी रेल्वे यायची आहे. बहुतेक जुनी भुई नव्या कामात लागेल आणि ती तशी लागलीच पाहिजे. शेतकऱ्याचा माल पाचोऱ्याला न उतरवता थेट मुंबईला, नागपूरला जावा, जामनेरच्या विद्यार्थ्याला डबा न बदलता जळगाव-भुसावळ गाठता यावे, हे शंभर वर्षांचे अपुरे राहिलेले काम आहे. आठवणींच्या प्रेमापायी त्याला आडवे येणे शहाणपणाचे नाही.

पण हेही लक्षात घ्या की ब्रॉडगेजची गाडी आखूड वळण घेऊ शकत नाही. अरुंद रेल्वे मोठी करताना रूळ जागोजाग सरळ करावे लागतात. जिथे नवे रूळ जुने वळण सोडून सरळ जातील, तिथे जुन्या भुईचा एखादा तुकडा बाजूला पडेल. कुठे अर्धा किलोमीटर, कुठे एखादा किलोमीटर. एखादी जुनी दगडी मोरी नव्या कामाबाहेर राहील. एखाद्या लहान स्टेशनाची इमारत निरुपयोगी ठरेल. अशा तुकड्याचे दोन शेवट होऊ शकतात. एक म्हणजे तिथे काटेरी बाभूळ वाढेल आणि कचरा पडेल. दुसरा म्हणजे गावाने मागणी करून तिथे दोन्ही बाजूंना निंब-चिंचा लावलेली, फरशी किंवा डांबर घातलेली छोटी वाट करावी. संध्याकाळी म्हातारी माणसे तिथे चालतील, पोरे सायकल शिकतील, आयाबाया हमरस्त्यावरच्या ट्रकांना न भिता मोकळ्या हवेत फिरतील. खेड्यात मोकळी जागा पुष्कळ असते असे शहरातले लोक समजतात. प्रत्यक्षात बाईमाणसाला आणि लहान मुलाला निर्धास्तपणे चालायला जागा खेड्यातही फार थोडी उरली आहे, हे तुम्ही जाणताच.

ही मागणी कशी करावी? जमीन रेल्वेची आहे, तेव्हा परस्पर काही करू नये. ग्रामसभेत ठराव करावा, त्यात तुकड्याची जागा नेमकी सांगावी, आणि तो रेल्वेच्या भुसावळ विभागाच्या कचेरीकडे आणि आपल्या जिल्हा परिषदेकडे लेखी पाठवावा. ठरावासोबत हातनकाशा जोडला तर आणखी चांगले. आणि हा हातनकाशा कोण काढील? शाळेतली मुले काढतील.

इथे धुळ्याच्या एका थोर पुरुषाची आठवण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी आणि पुढच्या खंडांसाठी ते गावोगाव हिंडले, वाड्यांतली, देवळांतली, माळ्यांवरची दप्तरे त्यांनी धुंडाळली. वाळवीने खाल्लेला कागदही ते टाकून देत नसत. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले; ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले. पुढल्याच वर्षी, १९२७ साली, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांचा संग्रह तिथे जतन झाला. ज्या प्रांतात असा माणूस वावरला, त्या प्रांतातल्या शाळांना आपल्या दारातल्या रेल्वेचा इतिहास गोळा करणे जड जाऊ नये.

तेव्हा शिक्षकांनी असे करावे. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर आणि आसपासच्या गावांतल्या शाळांनी एकेक वही घालावी. वयस्कर माणसांकडे मुलांना पाठवावे. गाडीने काय काय जात होते, तिकीट किती होते, कोणत्या यात्रेला गाडी गच्च भरे, कोणत्या पुरात ती अडली, रुळांवर काम करणारे गँगमन कोणत्या गावचे होते, लग्नाची वऱ्हाडे कशी जात, हे विचारून लिहून घ्यावे. कोणाच्या पेटीत जुने जाड पुठ्ठ्याचे तिकीट असेल, कोणाकडे स्टेशनावर काढलेला फोटो असेल, कोणाकडे जुने वेळापत्रक. मूळ वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी, तिची नक्कल घ्यावी. आणि प्रत्येक नोंदीखाली तीन गोष्टी लिहाव्यात: कोणी सांगितले, कुठे सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले. ज्याने स्वतः पाहिले त्याचे बोलणे वेगळे आणि ज्याने ऐकले त्याचे बोलणे वेगळे, हेही नोंदवावे. एवढी शिस्त पाळली तर ती वही नुसत्या गप्पांची न राहता इतिहासाचे साधन होईल. घाई मात्र केली पाहिजे. वाफेचे इंजिन ऐन उमेदीत पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

प्रत्यक्ष वाट पाहायला जायचे असेल, तर हिवाळ्याचे दिवस निवडा. खानदेशचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी लवकर निघा, पाण्याच्या बाटल्या आणि शिदोरी सोबत घ्या. स्टेशनावर किंवा गावात चौकशी करा. जिथे काम चालू आहे तिथे मुलांना नेऊ नका, आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरू नका. जुन्या फाटकापाशी, गावरस्त्यावर उभे राहूनसुद्धा पुष्कळ दिसते. भराव कुठे उंच आहे आणि का, ते मुलांना शोधू द्या. ओढा कुठल्या बाजूने येतो आणि मोरीतून कुठे जातो, ते पाहू द्या. मोरी कोणत्या दगडाची आहे, तो दगड जवळपासच्या कोणत्या डोंगरात सापडतो, हे विचारा. स्टेशन गावापासून किती पावलांवर आहे, ते मोजा. लहान मूल एका वेळी एक-दीड किलोमीटर आनंदाने चालते. त्याहून जास्त चालवून त्याला इतिहासाचा कंटाळा आणू नका.

त्याच सुट्टीत जमले तर चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीत बसून यावे. म्हणजे दोन फाट्यांचा फरक मुलांना बसल्या जागी कळेल. एक फाटा रुंद होता म्हणून तगला, दुसरा अरुंद होता म्हणून थांबला. आणि घरी परतल्यावर पटांगणावरच्या चुन्याच्या रेघांकडे ती मुले वेगळ्याच नजरेने पाहतील.

नव्या मार्गाचे रूळ जसजसे पुढे सरकतील, तसतशी ही जुनी वाट कमी कमी होत जाईल. तेव्हा सरपंचांनी पुढच्याच ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि गुरुजींनी उद्याच्या तासाला वहीचे पहिले पान उघडावे. त्या पानावर वर गावाचे नाव, खाली तारीख, आणि मग पहिला प्रश्न: 'आजोबा, तुम्ही या गाडीत पहिल्यांदा कधी बसलात?'